फोंड्याला घरी बियर टेस्टिंग ठेवायचंय, आठ जणं आहोत, कसं आखू?

अंत्रुजकर

नमस्कार मंडळी. डिसेंबरात एका शनिवारी घरी मित्रमंडळींना बोलवून बियर टेस्टिंग करायचं मनात आहे आणि जरा नीट करायचंय म्हणून इथे विचारतोय. आमची नेहमीची बसायची पद्धत म्हणजे क्रेट आणायचा, टबात बर्फ टाकायचा, जो तो हवी ती बाटली उघडतो आणि तासाभरात कोण काय पितोय याचा कुणाला पत्ता नसतो. ते कॉलेजपासून चालू आहे, त्यात वाईट काही नाही, पण यावेळी सगळ्यांनी एकच बियर एकाच वेळी घ्यावी, वास घ्यावा, चव घ्यावी, बोलावं आणि मगच पुढची उघडावी असं वाटतंय.

कारण असं की आता गोव्यातच कितीतरी वेगवेगळ्या बियर बनतात, माका दी बनवणाऱ्या कंपनीच्या तर नावातच आपलं डिचोलीतलं लाटंबार्सें गाव आहे, सांगोल्ड्याचे गोवा ब्रुइंगवाले आहेत, आणि आम्ही मात्र दुकानात जाऊन वर्षानुवर्षं तेच एक नाव सांगतो. मला ते बघवत नाही.

मंडळी अशी आहेत: तिघं-चौघं आयुष्यभर किंग्ज नाहीतर किंगफिशर, मडगावचा एक मित्र फक्त स्ट्राँगवाला, माझी बायको आणि तिची मैत्रीण म्हणतात बियर म्हणजे कडू पाणी, एक मित्र सावंतवाडीहून येणार, आणि एक मित्र अजिबात पीत नाही पण तो नाही तर आमची बैठकच होत नाही, त्याला कोपऱ्यात लिंबू सोडा देऊन बसवायचं मला पटत नाही. घर जुनं आहे, बाल्कांव (दाराबाहेरची बसायची ओसरी) मोठी आहे, तिथेच बसू. फ्रीज एकच, त्यात मासे पण असणार. आई घरी असते, तिची हरकत नाही, फक्त दिवाबत्ती झाल्याशिवाय बाटल्या बाहेर काढू नका म्हणते आणि ते बरोबरच आहे.

तर किती बियर ठेवू, कुठल्या, कुठली आधी, माणशी किती ओतायची, ग्लास कसले, बरोबर खायला काय? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

मांडवी_पलीकडे

मस्त बेत आहे, नक्की कर. मला या विषयाचं फार प्रेम आहे म्हणून लांबलचक लिहितोय, वाचून घे.

पहिली गोष्ट, बियर कमी ठेव. लोक उत्साहात दहा-बारा प्रकार आणतात आणि सहाव्यानंतर जीभ काही सांगतच नाही, सगळं एकसारखं लागायला लागतं. तुमच्यासाठी सहा पुरे, त्यातल्या दोन मी खाली सांगतोय त्या खेळासाठी. माणशी एका बियरचे ९० मिली धर. तुझा न पिणारा मित्र सोडला तर सात जणं पिणार, सात नव्वद म्हणजे ६३०, म्हणजे ६५० मिलीची एक मोठी बाटली एका फेरीला बरोबर पुरते, लहान ३३० च्या असतील तर दोन लागतील. ९० मिली बघायला थोडे वाटतात, मंडळी कुरकुर करतील, पण दोन घोट वास-चवीला आणि दोन घोट नंतर बोलता बोलता, एवढंच लागतं. उरलंच तर शेवटी जेवताना घ्यायला सांग.

क्रम हलक्याकडून भारीकडे. आधी लागर म्हणजे आपली नेहमीची फिकट बियर, मग व्हीट म्हणजे गव्हाची, मग माल्टवाली (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य) किंवा मधाची एल, हा बियरचाच दुसरा प्रकार, मग आयपीए म्हणजे हॉप्सच्या फुलांनी चांगली कडवट केलेली एल, आणि सगळ्यात शेवटी स्टाउट, भाजक्या बार्लीची काळी बियर. आयपीए आधी दिलीस तर तिचा कडवटपणा जिभेवर बसून राहतो आणि त्यानंतर आलेली पिल्सनर, म्हणजे लागरच, पाण्यासारखी लागते, बिचारीचा काही दोष नसताना.

आता तुझा न पिणारा मित्र. त्याला त्या संध्याकाळचा सगळ्यात महत्त्वाचा माणूस करून टाक. बाटल्या त्याच्या ताब्यात, ओतायचं त्यानेच, आत स्वयंपाकघरात ओतून ग्लास बाहेर आणायचे आणि कुठल्या ग्लासात काय आहे ते फक्त त्याच्याच वहीत. बाकी कुणालाही लेबल दिसता कामा नये. हे मी अगदी आग्रहाने सांगतोय कारण तुझ्याकडचे किंग्जवाले आणि किंगफिशरवाले लेबल बघूनच मत ठरवणार, माणसाचं तसंच असतं, डोळ्यांनी आधीच चव घेऊन झालेली असते. आणि तो मित्र वास तर घेऊ शकतो ना! बियरमधलं अर्ध्याहून जास्त तर नाकानेच कळतं, त्याचीही मतं लिहून घे.

पहिल्या फेरीला ट्रँगल टेस्ट कर. प्रत्येकासमोर तीन लहान ग्लास, ४०-४० मिली, दोन ग्लासात एकच बियर आणि एकात दुसरी, उदाहरणार्थ दोनात किंग्ज आणि एकात किंगफिशर प्रीमियम. वेगळा ग्लास कुठला ते ओळखायचं, बाकी काही नाही. काहींना दोन किंग्ज एक किंगफिशर दे, काहींना उलटं, आणि ग्लासांची जागा बदलत राहा. ब्रुअरीत हीच चाचणी वापरतात, कच्चा माल बदलला की चव बदलली का ते बघायला. नुसत्या अंदाजाने तिघांतला एक बरोबर येणारच, म्हणजे सातातले दोन-तीन असेच बरोबर येतील, त्याला काही अर्थ नाही. सातातल्या पाच जणांनी बरोबर ओळखलं तर मात्र मान की खरंच फरक कळतोय. दोन्ही फिकट लागर आहेत, फरक बारीक आहे, आणि ज्यांना वाटतं की आपण झोपेतही ओळखू त्यांनाही तिथे लक्ष देऊन चव घ्यावी लागते. एकदा ते लक्ष लागलं की पुढची सगळी संध्याकाळ चांगली जाते, म्हणूनच हा खेळ पहिला.

पुढच्या फेऱ्यांसाठी असं धर: व्हीटमध्ये ह्युगार्डन घे, परवडत नसेल तर बिरा व्हाइट. ह्युगार्डन बेल्जियन पद्धतीची, तिच्यात धणे आणि संत्र्याची साल घालतात, ते सांगायच्या आधी सगळ्यांना वास घेऊ दे, कुणीतरी धणे ओळखतंच. तुझ्या बायकोला आणि तिच्या मैत्रिणीला ही आवडेल बघ, हिच्यात कडवटपणा फार कमी. मग माका दीची हनी एल. मग आयपीए, गोवा ब्रुइंगची एट फिंगर एडी मिळाली तर तीच घे, अंजुण्यात राहिलेल्या त्या जुन्या हिप्पी एडीचं नाव आहे ते. ती नाही मिळाली तर आर्बरची बीच शॅक. आणि शेवटी कुठलाही स्टाउट, गिनेस मिळाला तर उत्तम.

प्रत्येक बियरनंतर दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही, आधी लिहायचं. हा नियम मोडू देऊ नकोस. एकाने मोठ्याने म्हटलं की केळ्याचा वास येतोय, की बाकी सगळ्यांना केळंच येतं.

शिरोड्याचो

स्ट्राँग का नाय ठेवली? आपल्या देशात निम्म्याहून जास्त लोक स्ट्राँगच पितात आणि तुम्ही ती बैठकीतून बाहेर काढली. त्या मडगावच्या मित्राची बाजू कोणीतरी घ्यायला हवी.

मांडवी_पलीकडे

@शिरोड्याचो बाजू बरोबर घेतलीस, ठेवायला माझी ना नाही. पण मग आयपीएच्या नंतर ठेवा, स्टाउटच्या आधी. लेबलवर ८ टक्क्यांपर्यंत असतं ते आणि त्यातला अल्कोहोलचा जो गरमपणा असतो तो आधी आला तर पुढचं हलकं काही लागत नाही. आणि ती थोडी कमी गार द्या, सात-आठ डिग्रीला. अगदी बर्फगार स्ट्राँग सगळ्यांनीच प्यायलीय, जरा गरम झाल्यावर तिच्यात काय आहे ते कळतं, चांगलं पण आणि वाईट पण. तिच्या लेबलवरचे घटक मित्राला नाव न सांगता वाचून दाखवायला सांग, तांदूळ, मका, साखर असं काही दिसलं तर त्याने अंग हलकं राहतं आणि अल्कोहोल वाढतं, ते समजून मग प्या. मात्र ही घेतलीस तर सात बियर होतील, मग ९० च्या जागी ७०-७५ ओता.

रायबंदरचा_वारा

वरचं सगळं पटलं. मी फक्त थंडाव्याबद्दल आणि ग्लासांबद्दल लिहितो कारण गोव्यात टेस्टिंग बिघडतं ते तिथेच.

आपल्याला बियर जितकी गार तितकी चांगली असं वाटतं, आणि उन्हात दुपारी प्यायची असेल तर ते खरंही आहे. पण गारव्याने जीभ बधिर होते आणि वास वर येत नाही. लागर ४ ते ७ डिग्री, व्हीट साधारण ५ ते ८, आयपीए ८ ते १०, स्टाउट १० ते १३, असं धरा. घरात थर्मामीटर नसतो, तर सोपं असं की लागर फ्रीजमधून थेट, व्हीट पाच मिनिटं आधी काढलेली, आयपीए दहा-पंधरा मिनिटं, स्टाउट वीस मिनिटं. डिसेंबरात संध्याकाळी फोंड्याला हवा बरी असते तरी ९० मिली लहान ग्लासात पटकन गरम होतात, म्हणून सगळे ग्लास एकदम भरून रांगेत लावून ठेवू नका, एक फेरी संपली की दुसरी ओता.

एकच फ्रीज आणि त्यात मासे, हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यांचाच. बाटलीला झाकण असतं, बियरला वास लागत नाही, पण बाहेरून बाटलीला आणि फ्रीजमध्ये ठेवलेल्या ग्लासाला लागतो. म्हणून ग्लास फ्रीजमध्ये ठेवूच नका. बर्फाने पांढरे झालेले ग्लास तर नकोच, त्यात फेस बेसुमार येतो आणि वास मरतो. बियरसाठी मोठ्या थर्माकोलच्या पेटीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि दोन-तीन मुठी जाडं मीठ. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचं पाणी बाटलीला सगळीकडून लागतं, म्हणून लवकर गार होते, लहान बाटली वीसेक मिनिटांत तयार. मासळीवाल्यांचा बर्फ चालेल, तो ग्लासात पडणार नाही एवढं बघा. फ्रीझरमध्ये टाकून विसरलेली बाटली फुटते, तो धंदा करू नका.

ग्लास पारदर्शक काचेचे, वर जरा निमुळते असले तर छान, वाईनचे लहान ग्लास उत्तम चालतात, डेकोरेटरकडे भाड्याने मिळतात. स्टील नको, प्लॅस्टिक नको. धुताना भांड्यांचा साबण कमी आणि पाणी भरपूर, कारण साबणाचा आणि तेलाचा अंश राहिला की फेस टिकत नाही. ओळखायचं कसं, तर बियर ओतल्यावर ग्लासाच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले तर तो ग्लास स्वच्छ नाही. पुसायला ताजा धुतलेला पंचा घ्या, चुलीपाशी टांगलेलं फडकं नको. ओतताना ग्लास तिरका धरून अर्धा, मग सरळ करून उरलेला, दोन बोटं फेस आला पाहिजे, फेसातूनच वास वर येतो. व्हीटची बाटली शेवटी हलक्या हाताने गोल फिरवून तळाचा गाळ पण ओतायचा, त्या गाळात चव असते.

आणखी एक महत्त्वाचं. बाल्कांवात बसणार म्हणजे डास. तिथे कॉइल लावलात तर सगळं संपलं, नाकाला कॉइलशिवाय काही कळणार नाही. आधी तासभर लावून नंतर काढून टाका आणि बसताना टेबलफॅन लावा, वाऱ्यात डास टिकत नाहीत. अंगाला लावायचं क्रीम पण वास मारतं, पूर्ण कपडे घालून बसा. आईंची दिवाबत्ती झाल्यावर अगरबत्तीचा वास जायला अर्धा-पाऊण तास द्या, आठला सुरू केलंत तर सगळंच जुळतं. मंडळींना आधीच सांगा, त्या दिवशी सेंट नको, आणि ताईंना सांगा मोगऱ्याचा गजरा त्या संध्याकाळी नको.

अंत्रुजकर

बापरे, कॉइलचं तर डोक्यातच आलं नसतं, थँक्यू दादा. आठचं ठरलं. आता खाण्याचं सांगा कुणीतरी. आई म्हणते सुंगटां (कोळंबी) आणि चोणक मासा तळते, आणि तळणीचा वास तर घरभर होणार?

म्हापशेकरीण

खाण्याचं मी सांगते. आधी एक विचारते, तुमच्याकडे शनिवारी शिवराक (शाकाहारी) असतं का कुणाचं? असेल तर त्यांच्यासाठी वेगळं बघावं लागेल, खाली सांगते.

टेस्टिंग चालू असताना तळण नको हे तुमचं बरोबर आहे. आईंना सांगा की मासे रवा लावून तयार ठेवा आणि शेवटची फेरी झाली की तळायला घ्या, तोवर मंडळींना पण भूक लागलेली असेल. दोन फेऱ्यांच्या मध्ये तोंड स्वच्छ करायला फक्त उंडे नाहीतर पोयी (आपले गोव्याचे पाव), कोरडी, लोणी न लावता, आणि साधं पाणी. पोयी सकाळची पोदेराकडची (पाववाल्याकडची) ताजी घ्या. खारवलेले काजू मध्ये ठेवू नका, मिठाने कडवटपणा दबतो आणि मग आयपीए मवाळ वाटते, तिच्यावर अन्याय. बिनमिठाच्या काजूबिया चालतील. सोलकढी त्या वेळात बिलकुल नको, आंबट आणि लसूण दोन्ही, जीभ तासभर तिच्याच ताब्यात.

टेस्टिंग संपल्यावर मात्र मजा करा, आणि तिथे परत बियर आणि खाणं जोडून बघा, कारण मला विचाराल तर खरी गंमत तिथेच आहे. काही जोड्या अशा लागतात की दोन्हीची चव वाढते. सुंगटां रव्यात तळलेली आणि लागर, यात नवीन काही नाही, पण का चांगली लागते ते बघा, बुडबुडे तेल धुवून नेतात. सुक्या सुंगटांची किसमूर खोबरं घालून केली असेल तर तिच्याबरोबर व्हीट घ्या, खोबऱ्याचा गोडवा आणि धण्याचा वास एकमेकांना ओळखतात. तिखट मात्र आयपीएबरोबर देऊ नका. लोकांना वाटतं कडक बियर म्हणजे कडक तिखट, पण हॉप्सच्या कडवटपणाने आणि अल्कोहोलने मिरचीची आग आणखी भडकते, चोरिस (डुकराचं तिखट सॉसेज) खाल्ली आणि आयपीए घेतली तर तोंड पेटतं. चोरिस-पाव द्यायचाच तर हनी एलबरोबर, तिच्यातल्या गोडसरपणाने आग बसते आणि माल्टचा भाजका वास डुकराच्या चरबीला छान धरतो.

शिवराक मंडळींना कापां करा, सुरणाची, वांग्याची, रवा लावून, ती लागरबरोबर माशांइतकीच चांगली लागतात, मी तर म्हणेन सुरणाची जास्तच. आलसांद्यांचं तोंडाक (चवळीची रसाची उसळ) आणि उंडे जेवणाला.

आणि शेवटी स्टाउटबरोबर दोदोल. हे मी हात जोडून सांगते, करूनच बघा. काळं माडाचं गूळ आणि नारळाचं दूध, आणि इकडे भाजलेल्या बार्लीचा कॉफीसारखा कडवटपणा, एक तुकडा दोदोल, एक घोट स्टाउट. डिसेंबर आहे, बाजारात दोदोल असतंच. बेबिंका पण चालते, पण ती जास्त तुपकट, तिचे पापुद्रे तोंडात चिकटून राहतात, दोदोल जास्त जमतं. ज्या दोघी बियरला कडू पाणी म्हणतात त्यांना हे आधी द्या.

शिरोड्याचो

ताई, दोदोल आणि स्टाउट लिहून घेतलं. किसमूर आणि व्हीट पण करून बघतो.

सत्तरी_पावस

छान चर्चा चाललीय. दोन गोष्टी राहिल्या वाटतं.

एक, बाटली घेताना तारीख बघा. बॉटलवर बनवल्याची तारीख असते. स्टाउट किंवा स्ट्राँग थोडी जुनी चालते, आयपीए जुनी झाली की संपली, हॉप्सचा वास सगळ्यात आधी जातो आणि नुसता कडवटपणा मागे राहतो, मग लोक म्हणतात आयपीए म्हणजे कारलं. दुकानात फ्रीजमध्ये ठेवलेलीच मागा, शोकेसमध्ये ट्यूबलाइटखाली उभी असलेली घेऊ नका. हिरव्या आणि पांढऱ्या काचेतून उजेड आत जातो आणि हॉप्समधल्या घटकावर त्याचा परिणाम होऊन एक कुबट गंधकी वास तयार होतो. तपकिरी काच बरीचशी अडवते, कॅनमध्ये तर प्रश्नच नाही.

हे प्रत्यक्ष दाखवता येतं आणि मंडळींना फार आवडतं. एकाच लागरच्या दोन हिरव्या बाटल्या घ्या, एक अंधारात, एक सकाळपासून दुपारपर्यंत अंगणात कडक उन्हात ठेवा, मग दोन्ही सारख्याच गार करा आणि संध्याकाळी शेजारी शेजारी वास घ्यायला द्या. प्यायची गरज नाही, नुसता वास. ज्यांनी कधी बियरबद्दल विचार केला नाही त्यांना पण पहिल्या सेकंदात कळतं. त्यानंतर बीचवर उन्हात टेबलावर पडलेली हिरवी बाटली कुणी घेत नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं, घरी कसे जाणार? हिशेब करून बघा. ट्रँगलचे १२० मिली आणि चार बियर ९० च्या, म्हणजे माणशी ४८० मिली. सरासरी ५ टक्के धरलं तर २४ मिली अल्कोहोल, वजनात साधारण १९ ग्रॅम. सत्तर किलोच्या पुरुषाने हे पटापट घेतलं तर १०० मिली रक्तात ४० मिलिग्रॅमच्या आसपास जातं, सावकाश घेतलं तर कमी, आणि बारीक अंगाच्या बाईमाणसाला त्याहून बरंच जास्त. कायद्याची मर्यादा ३० आहे. म्हणजे "आम्ही तर नुसती चव घेतली" असं म्हणणारा माणूस पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये बसू शकतो, आणि पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वर जेवताना सगळे आणखी एक उघडणारच. डिसेंबरात चेकिंग जोरात असतं ते सोडा, रात्री फोंडा-मडगाव रस्त्यावर बोरीच्या वळणांवर दुचाकी कशी चालवतात ते आपण सगळे बघतो. कृपा करून कुणालाही स्कूटर घेऊन येऊ देऊ नका.

अंत्रुजकर

हे बरोबर बोललात. रात्री अकराला फोंड्याला ना बस, ना पायलट (मोटारसायकल टॅक्सी). गोवामाइल्सची ॲपवरची टॅक्सी बघतो पण त्या वेळी मिळेल याची खात्री वाटत नाही. न पिणारा मित्र सोडेल सगळ्यांना असं मनात होतं, पण म्हापसा, मडगाव आणि सावंतवाडी तीन दिशा, त्याची रात्र रस्त्यातच जाईल.

रायबंदरचा_वारा

त्याच्यावर टाकू नकोस, संध्याकाळभर ओतायचं काम त्यानेच करायचं आणि परत रात्री गाडी पण त्यानेच, हे बरं नव्हे. ओळखीचा टॅक्सीवाला आधीच ठरवून ठेव, जायची वेळ सांगून, आणि पैसे सगळ्यांनी वाटून घ्या. लांबच्यांना राहू दे. जुनं घर आहे म्हणतोस, सालात (दिवाणखान्यात) चटया घातल्या की झालं.

त्या मित्रासाठी एक बिनअल्कोहोलची बियर पण आण. हायनेकन झिरो किंवा बडवायझर झिरो मिळते. ती त्याच्यासाठी तर आहेच, पण एका फेरीत बाकीच्यांना न सांगता तिचा ग्लास ठेव, कितीजणांना कळतं ते बघ. माल्टचा कच्चा, पेजेसारखा वास तिच्यात जास्त येतो, लक्ष देणाऱ्याला कळतो. अर्थात त्याला विचारून, तो मुळीच बियरसारखं काही घेत नसेल तर कोकमाचं सरबत बरं.

बार्देसचो_पोर

सगळं वाचलं, बरें आसा. एकच म्हणायचं होतं, शेवटी एक फेणीचा राउंड?

म्हापशेकरीण

नको रे बाबा. फेणीला तिचा वेगळा दिवस हवा, आणि ऊर्राक (काजूच्या रसाची पहिल्या धारेची हलकी दारू) प्यायचाच तर एप्रिलात, काजूच्या हंगामात, लिंबू आणि हिरवी मिरची घालून. बियरनंतर फेणी ठेवली तर स्टाउटची आणि दोदोलची चव कुणाच्या लक्षात राहणार? इतकी मेहनत करून बसलेत ते.

मांडवी_पलीकडे

ताईंशी शंभर टक्के सहमत.

@अंत्रुजकर मतं लिहायचा कागद साधा ठेव. रंग, वास, पहिला घोट, तोंडात किती जड वाटते, गिळल्यावर मागे काय राहतं, आणि शेवटी एकच प्रश्न, ही बियर परत पैसे देऊन घ्याल का. दहापैकी मार्क वगैरे नको, मार्क आले की मंडळी भांडण मार्कांवर करतात. वासाला शब्द सुचत नसतील तर आपलेच वापरायला सांग, इंग्रजी पुस्तकातले नकोत. ओल्या मातीचा, भाजक्या भाताचा, पिकल्या केळ्याचा, लिंबाच्या सालीचा, कच्च्या कैरीचा, पोदेराच्या भट्टीचा, काहीही चालेल. जर्मन पद्धतीची व्हीट कधी मिळाली तर तिच्यात लवंग आणि केळं अगदी स्पष्ट येतं, आणि त्यात लवंग पण नसते आणि केळं पण नसतं, ते सगळं यीस्टचं काम. मला तरी ही गोष्ट आजही फार सुंदर वाटते, चार वस्तू, पाणी, माल्ट, हॉप्स, यीस्ट, आणि त्यातून इतकं काही निघतं.

नावं सगळ्यात शेवटी उघड कर, सगळे कागद गोळा झाल्यावर. मधे कितीही गळ घातली तरी मित्राला सांग वही बंद.

अंत्रुजकर

ठरलं मंडळी. १३ तारखेच्या शनिवारी धरतोय. पहिली ट्रँगल किंग्ज-किंगफिशर, मग ह्युगार्डन, हनी एल, आयपीए, एक स्ट्राँग मडगावकरासाठी, आणि स्टाउट. ७० मिलीनेच ओतायला सांगतो. हिरव्या बाटल्यांचा उन्हाचा प्रयोग सुरुवातीला, नुसता वास. कॉइल सहा ते सात, मग फॅन. आईला कापां आणि सुंगटां शेवटी तळायला सांगितलीत, ती म्हणाली दोदोल विकतचं नको मी करते, म्हणजे आता मला नारळ आणि माडाचं गूळ आणायला जायचंय. बायकोच्या मैत्रिणीला टॅक्सी, म्हापशाचा आणि मडगावचा आमच्याकडेच राहणार.

एक शेवटचं, सावंतवाडीचा मित्र म्हणतो त्याला आवडलेल्या दोन-चार बाटल्या जाताना घेऊन जाईन, इथे स्वस्त पडतात म्हणून. चालेल का?

सत्तरी_पावस

परमिटशिवाय नको. गोव्याची बियर महाराष्ट्रात नेली की तिथल्या एक्साइजचा कायदा लागतो, पत्रादेवी ओलांडली की पुढे बांद्याला गाड्या तपासतात, आणि सीलबंद बाटल्या सापडल्या तर गाडीसकट अडकतो माणूस. त्याला सांग परमिट काढून ने, नाहीतर आवडलेल्या बियरचं नाव लिहून घे आणि पुढच्या वेळी परत ये. तो पण तुमच्याकडेच राहू दे त्या रात्री, सकाळी चहा-पोयी खाऊन निघेल.